गठ्ठा फोडू नका जी

नागपुरात मस्कासाथकडून आत वळणाऱ्या एका गल्लीत कबाड्याचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात तिथं एक खरेदीखत माझ्या हातात आलं. जाड, पिवळट, मधोमध घडी पडलेला स्टँपपेपर. खालची लिखापढी सगळी शाबूत होती: लिहून घेणार, लिहून देणार, घराच्या चतुःसीमा, पूर्वेस अमक्याची भिंत, दक्षिणेस सरकारी गल्ली, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि तिसऱ्याचा निळा अंगठा. वरचा भाग मात्र नव्हताच. पट्टी लावून ब्लेड फिरवलं असणार, कारण कडा अगदी सरळ होत्या. राजाचा मुखवटा असलेला छापील स्टँप तेवढा कुणीतरी कापून नेला होता. मी कागद उलटा केला. कोणत्या तारखेला, कुणाला आणि कशासाठी स्टँप विकला, हा व्हेंडरचा शेरा पाठीवर वरच्याच बाजूला असतो. छापाबरोबर तोही गेला होता. खताची पहिली ओळ, जिथं तारीख घालतात, तीही पात्याखाली सापडलेली. म्हणजे महाल भागातलं एक घर एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलं एवढं कळत होतं. केव्हा गेलं, ते कळायला आता मार्ग नव्हता.

मी दुकानदाराला विचारलं, हे कुणी केलं? तो तराजूवर जुनी वर्तमानपत्रं चढवत होता, मान वर न करता म्हणाला, "येतेत न जी एक साहेब. त्यायले फक्त वरचा छाप पाहिजे राहते. बाकीचं राहू दे म्हणतेत. तुम्ही घेऊन जा न ताई, किलोनं लावतो." त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्यानं ती पेटी किलोनं घेतली होती, छापाचे वेगळे पैसे मिळाले, उरलेला कागद उरला. त्याच्या हिशेबात काहीच बिघडलेलं नव्हतं. मी ते खत घेतलं, बरोबरचा उरलासुरला कागदही घेतला आणि इतवारीतून बर्डीवर येईपर्यंत रिक्षात ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

तो चौकोन डोक्यातून जाईना.

जुन्या कागदांचा नाद मला लहानपणापासूनचा. महालात आमचं बिऱ्हाड एका वाड्यात होतं. तिथं आजोबांच्या बैठकीत खुंटीला एक लोखंडी तार टांगलेली असे. खाली गोल लाकडी चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की आजोबा ते तारेत ओवून टाकत. पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र, किराण्याची चिठ्ठी, नळाचं बिल, सगळं एकाच तारेत. वर्षाकाठी तार भरली की ती उतरवून कागद सुतळीनं बांधायचे, वर साल लिहायचं आणि माळ्यावर टाकायचं. त्यामुळे त्या काळातल्या कागदांच्या पोटात एक भोक असतं. आज कबाड्याकडे पोस्टकार्डांचा गठ्ठा दिसला की मी आधी ते भोक बघते. गठ्ठा उभा धरला आणि सगळी भोकं एका रेषेत आली, मधून उजेड आरपार दिसला, तर समजायचं की तार उतरवल्यापासून याला कुणी हात लावलेला नाही. पत्रं आली त्याच क्रमानं आहेत. भोकं मागेपुढे झालेली असली तर कुणीतरी चाळून गेलं आहे आणि निवडक काढून नेलं आहे.

या खताबरोबर मला असा एक न चाळलेला गठ्ठा मिळाला. बाकीची पेटी फुटली होती, हा तेवढा सुतळीसकट तळाशी राहिला होता. सुतळी सोडताना तिचा भुगा हाताला लागला. कागदाला वास होता तो वेखंडाचा, त्याच्या आत रॉकेलचा, आणि अगदी खाली तो कोरडा गोडसर वास, जो जुन्या कागदाखेरीज कशालाच येत नाही. मी वरून एकही पत्र उचललं नाही. पूर्ण गठ्ठा पालथा घातला आणि तळापासून, म्हणजे सर्वांत जुन्या पत्रापासून, वाचायला घेतलं.

सगळी पत्रं एकाच घराला आलेली. पत्ता तोच, गल्ली तीच, कुणाच्या तरी विहिरीजवळ, अशी खूणही तीच. पत्त्याची शेवटची ओळ मात्र बदलत जाते. सुरुवातीच्या कार्डांवर ‘नागपूर सिटी, सी. पी.’ आहे. मग १९५० नंतर ‘म. प्र.’ येतं, कारण तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडाचं मध्यप्रदेश झालं आणि राजधानी आपलं नागपूरच होतं. १ नोव्हेंबर १९५६ नंतर हळूहळू ‘मुंबई राज्य’ दिसू लागतं, आणि १९६० च्या उन्हाळ्यानंतर ‘महाराष्ट्र’. घर जागचं हललेलं नाही. त्याच ओसरीवर पोस्टमननं कार्ड टाकलेलं आहे आणि ओसरी चार वेगवेगळ्या राज्यांत जाऊन आली आहे. जबलपूरचे एक मामा तर मुंबई राज्य झाल्यावरही बरेच दिवस ‘म. प्र.’च लिहीत राहिले. विसरत असतील, किंवा त्यांना ते मान्य नसेल. भाची आपल्याच राज्यात आहे असं समजण्यात त्यांना बरं वाटत असेल. पोस्टानं मात्र प्रत्येक कार्ड बरोबर पोचवलं. यातलं एखादं कार्ड सुटं हातात आलं असतं, तर मी तिकीट बघितलं असतं, शिक्का बघितला असता आणि ठेवून दिलं असतं.

मायन्याचंही तेच. एक मुलगा पहिल्या पत्रांत ‘चि.’ आहे. वडील त्याला अभ्यासाबद्दल बजावतात, मॉरिस कॉलेजात प्रवेश मिळाला त्याचे आशीर्वाद देतात. गठ्ठा वर चढत जातो तसा त्याला येणाऱ्या पत्रांचा मायना ‘रा. रा.’ होतो, आणि शेवटी शेवटी त्याचाच मुलगा पुण्याहून लिहितो, ‘ती. बाबांस, कृतानेक साष्टांग नमस्कार वि. वि.’ त्या घरातल्या बाईला तिची बहीण अमरावतीहून नेमानं लिहायची. ‘सौ. ताईस’ असं प्रत्येक कार्ड. कार्डाच्या कोपऱ्यांना कधी हळदीकुंकवाची बोटं, म्हणजे कुणाचं तरी लग्न ठरलं. मग एका ठिकाणी दीडदोन महिने बहिणीचं पत्रच नाही. आणि पुढचं कार्ड येतं त्यावर लिहिलेलं आहे, ‘गं. भा. ताईस’.

मधलं पत्र गठ्ठ्यात नाही.

ते असणारही नव्हतं. मयताचं पत्र घरात ठेवायचं नाही, कोपरा फाडलेलं ते कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं, ही आपल्याकडची रीत. तारेला ते कधीच लागत नसे. त्यामुळे या गठ्ठ्यातला सर्वांत मोठा दिवस कुठल्याही कागदावर नाही. दोन कार्डांच्या मध्ये तो आहे, आणि ती दोन कार्डं एकमेकांना लागून आहेत म्हणूनच दिसतो. मी ती दोन्ही कार्डं हातात घेऊन खूप वेळ बसले होते. बहिणीचं अक्षर तेच, शाई तीच, ‘गं.’वरचा टिंब मात्र इतका दाबून दिला होता की कार्डाच्या मागून बोटाला लागत होता.

आता बाजार कसा चालतो ते सांगायला हवं, कारण नुसतं हळहळून उपयोग नाही. पेटी घरातून निघते ती बहुतेक दिवाळीच्या आधी, साफसफाईत, नाहीतर वाडा बिल्डरला दिला की. रद्दीवाला वजनावर घेतो. त्याच्याकडून कबाडी, कबाड्याकडे दोन-चार नेहमीचे लोक. तिकीटवाले तिकिटं आणि शिक्के बघतात. कोर्ट-फी आणि रेव्हेन्यू स्टँपचे संग्राहक वेगळे, ते खतं, गहाणपत्रं, पावत्या चाळतात. फोटोवाला फोटो नेतो, विशेषतः फोटोखाली स्टुडिओचं नाव छापलेलं असेल तर. आगपेटीचे, विडीचे, कापडाचे छाप गोळा करणारे आणखी वेगळे. बर्डीवर जुनी पुस्तकं विकणारे पुस्तकं उचलतात. चांदीचं काही असेल तर ते सराफाकडे आधीच पोचलेलं असतं. उरलेलं, म्हणजे पत्रं, वह्या, बिलं, पत्रिका, लगद्याला जातं. पेटीतली प्रत्येक गोष्ट आपापल्या जाणकाराकडे पोचते, त्याच्या अल्बममध्ये जाते, त्याच्या जातीच्या इतर वस्तूंशेजारी बसते. मात्र ती ज्या घराची होती ते घर तिच्यापासून सुटतं.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, धरमपेठेत राहतात, उभं आयुष्य तिकिटं गोळा करण्यात गेलं. त्यांच्याशी माझं यावर कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले, "तुम्ही भावनेनं बोलून राहिल्या. तिकीटवाला नसता तर तो कबाडी पेटी उघडतच नव्हता. सरळ लगदा झाला असता. आम्ही चार तरी वस्तू वाचवतो." हे खरं आहे आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. कापाकापीबद्दल मात्र त्यांचं मत माझ्याहून कडक निघालं. छापील तिकिटाची पाकिटं आणि कार्डं मिळाली की चौकोन कापून वहीत चिकटवायचा, ही जुन्या संग्राहकांची चाल होती. आता जाणता माणूस अख्खं पाकीट मागतो, शिक्क्यासकट, पत्त्यासकट. कारण तारीख शिक्क्यात असते आणि प्रवास पाकिटाच्या पाठीवर. आरएमएसचा, म्हणजे रेल्वेतल्या टपालसेवेचा, शिक्का बघून पत्र कोणत्या गाडीनं आलं तेही काका सांगू शकतात, नागपूरचा ‘एफ’ विभाग ते लांबून ओळखतात. "कापलं की मेलं," असं ते म्हणाले. म्हणजे त्या खताला ब्लेड लावणाऱ्यानं पैशाच्या हिशेबानंही नुकसानच केलं. पण माझं म्हणणं त्याच्या एक पायरी पुढचं आहे. अख्खं पाकीट गठ्ठ्यातून एकटं निघालं, तरी काहीतरी कापलंच जातं. काका त्यावर गप्प बसले आणि चहाला म्हणाले.

आपल्याकडे खरं तर कागद एकत्र ठेवायची समज फार जुनी आहे. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले, आणि अभ्यासक संदर्भ देतात तोही रुमालाचा. ज्या दप्तरातून कागद आले त्याच दप्तराचे म्हणून, शक्यतो त्याच क्रमानं ठेवायचे, हा अभिलेखागारांचा पहिला नियम आहे. माझ्या आजोबांना हा नियम कुणी शिकवला नव्हता, पण त्यांची तार तेच करत होती. कायदा मात्र सुटी वस्तू बघतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं १०० वर्षांपूर्वीची मूर्ती, नाणं, चित्र हे पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितं आणि दस्तऐवज यांना ७५ वर्षं पुरतात, पण त्यांना ऐतिहासिक, वाङ्‌मयीन असं काही मोल असावं लागतं. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हे योग्यच आहे. पण महालातल्या एका ताईला अमरावतीच्या बहिणीनं पाठवलेली कार्डं या मोलात बसवून दाखवायला कोण जाणार? ती ज्याच्या हातात पडतील त्याच्याच भरवशावर.

कुणी नव्यानं या नादाला लागलं असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. मोडीतला कागद दिसला की विकणारा हमखास ‘शिवाजी महाराजांच्या काळातला’ म्हणतो. मोडी अगदी विसाव्या शतकातही लिहिली जात होती, आणि बाजारात येतं त्यातलं बहुतेक उधारीच्या पावत्या आणि सारावसुली. कागद उजेडासमोर धरा, कारखान्याचा पाणछाप दिसला तर तिथंच उत्तर मिळतं. फसली सन, म्हणजे महसुलाचं जुनं वर्ष, लिहिलेलं असेल तर त्यात ५९० मिळवा, इसवी सनाच्या आसपास पोचाल. रामदरबार किंवा मारुती कोरलेलं, १८१८ साल घातलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं ‘नाणं’ कुणी चमत्कारी म्हणून दाखवलं तर हातसुद्धा लावू नका. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन बहुधा हल्लीच जोडलेले असतात. हे सगळं शिकता येतं, थोडं भिंग आणि थोडा धीर लागतो.

भिंगावरून आठवलं. सुट्या वस्तूची ओढ मलाही आहे, ती नाकारून चालणार नाही. विडीच्या कट्ट्यावरचं लेबल घ्या. भंडारा-गोंदियाच्या जंगलातला तेंदूपत्ता आणि ठिकठिकाणचे विडी कारखाने यांमुळे आपल्या भागात ही लेबलं पोत्यांनी छापली गेली. मालकाचा टोपीवाला फोटो मध्ये, भोवती वेलबुट्टी, खाली ‘नकली मालापासून सावध’. दगडावरून छापलेलं जुनं लेबल भिंगाखाली धरलं की मालकाच्या गालावरची सावली हातानं टाकलेल्या ठिपक्यांची असते. ठिपके लहानमोठे, कुठं दाट, कुठं विरळ. कारागिराचा हात कुठं थकला तेही दिसतं असं मला वाटतं. नंतरच्या ऑफसेट छपाईत तेच ठिपके शिस्तीत, सारख्या अंतरानं बसलेले असतात. लाल रंग जरासा सरकून हिरव्यावर चढलेला असतो, तिथं एक तिसराच, मातीसारखा रंग तयार होतो. आणि अगदी तळाशी, नखाएवढ्या अक्षरांत ‘शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स, नागपूर’ असं सापडलं की मला शहराचा अभिमान वाटतो. आपल्या गावात, आपल्या माणसांनी दगडावर इतकं नाजूक काम केलं. असं लेबल एकटं काचेखाली लावलं तरी सुंदरच दिसतं. ते मला कळतं, आणि म्हणूनच ते सुटं विकणाऱ्यावर मला रागावता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. बाजारात येणारा कागद कुणाचा असतो? वाड्याचा, माडीचा, माळ्याचा. ज्यांच्या घराला माळा होता त्यांचाच. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, पिढ्यान्‌पिढ्या हजारो माणसं तिथं राबली, आज त्या जागेवर मॉल आहे. पण मिलमधल्या साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, माणसाची पगारचिठ्ठी, हजेरीचं कार्ड, त्याला गावाहून आलेलं पत्र मला कबाड्याकडे जवळजवळ कधीच मिळालेलं नाही. एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर तार कुठं टांगणार? उलट काही घरं अशी आहेत की त्यांच्याकडे कागद आहे आणि तो बाजारात येणारच नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या सासूनं १४ ऑक्टोबर १९५६ चा दीक्षेचा दिवस डोळ्यांनी पाहिला होता. त्या वेळचं एक छापील पत्रक त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीच्या मागे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं आहे. मी एकदा बघायला गेले. मावशींनी हात धुतले, पत्रक काढलं, माझ्या हातात न देता स्वतःच्या हातात धरून दाखवलं आणि परत ठेवलं. त्यांच्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्या कागदावर काय लिहिलं आहे ते त्यांना पाठ होतं म्हणे. त्या कागदाचा भाव विचारण्याचं माझ्या मनातही आलं नाही.

दुसऱ्याची पत्रं वाचावीत का, हा प्रश्न मला माझी मुलगीही विचारते. या गठ्ठ्याच्या बाबतीत मी कबाड्याकडून ज्यानं पेटी विकली त्याचा नंबर मिळवला. नातू निघाले, मनीषनगरकडे फ्लॅटमध्ये राहतात. फोनवर अगदी सभ्यपणे बोलले. म्हणाले, "काकू, आम्ही तिघं भाऊ. वाडा विकला, पैसे वाटून झाले, पेटी कोणाकडे ठेवायची यावर भांडणं नको म्हणून देऊन टाकली. वाळवी पण लागत होती. तुम्हीच ठेवा न." मी म्हटलं, तुमच्या आजीच्या बहिणीची पत्रं आहेत. पलीकडे जरा वेळ शांतता झाली. "आजीला बहीण होती?" असं त्यांनी विचारलं. मग ते एका रविवारी बायकोला घेऊन आले, दोन तास बसले. पत्रं वाचताना त्यांच्या बायकोच्याच डोळ्यात जास्त पाणी आलं. गठ्ठा नेता का, असं मी दोनदा विचारलं. त्यांनी फोटो काढून घेतले आणि मूळ पत्रं माझ्याकडेच ठेवायला सांगितली. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली. त्यांना दोष द्यावा असं काही नाही. दोन खोल्यांच्या घरात पूर्वजांची पेटी ठेवायची म्हणजे कुणाची तरी शाळेची बॅग बाहेर काढावी लागते.

ठेवणं सोपं नाहीच, त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कागद पापडासारखा होतो, घडीवर मोडतो. त्यावर उपाय म्हणून आपण कूलर लावतो आणि खोलीत इतका ओलावा भरतो की त्याच कागदाच्या कडा वळायला लागतात. मग पावसाळ्यात कसर. माझे गठ्ठे घरातल्या एकाच खोलीत आहेत, तिथं कूलर लावत नाही. खिडकीला जाड पडदा, लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे. पत्रांना चिकटपट्टी कधी लावायची नाही, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं खातो. रबरबँड तर मुळीच नाही, उन्हाळ्यात तो वितळून कागदाला चिकटतो. धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटाचे चौकोन करून त्यात बांधते. वर चिठ्ठी: कोणत्या भागातली पेटी, कुणाकडून, कोणत्या महिन्यात, बरोबर काय काय होतं, काय आधीच गेलं होतं. चिठ्ठी पेन्सिलनं लिहायची, कारण शाई पसरते. त्या खताचीही चिठ्ठी केली आहे. ‘वरचा छाप कापलेला, तारीख नाही,’ असं लिहून ठेवलं. नंतर त्याच गठ्ठ्यातल्या एका पत्रात जबलपूरच्या मामांनी ‘नव्या घराच्या वास्तूस येणे जमले नाही’ म्हणून माफी मागितलेली सापडली आणि त्या कार्डावरच्या शिक्क्यावरून घराचं साल मिळालं. शेजारच्या कागदानं तारीख परत दिली. पेन्सिलनं लिहिलेलं मी तसंच ठेवलं आणि खाली साल घातलं.

हिशेबाची वहीही त्याच पेटीतली, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. ती मी सावकाश वाचते आहे. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, तेव्हा त्या घरातल्या बाईनं काही महिने दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहिले. कोथिंबीर एक आणा, पुढे सहा नये पैसे. मेथी दोन आणे, पुढे बारा. चार आण्यांचे पंचवीस बरोबर बसतात, मधले बसत नाहीत. महिन्याच्या शेवटी दोन बेरजा जुळत नाहीत आणि त्या फरकापुढे तिनं प्रत्येक वेळी बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘सरकारी’. नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, हे मला कार्डांवरून माहीत आहे. वहीतलं अक्षर मागच्याच वर्षी बदललं आहे, आधीची पानं पुरुषी, ठसठशीत अक्षरात आहेत. ही वही एखाद्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला नाण्यांच्या बदलासाठी उपयोगी पडेल. पण ती बाई तेव्हा कशातून जात होती ते त्याला बहिणीच्या कार्डांशिवाय कळणार नाही.

मस्कासाथच्या दुकानदाराशी आता माझं ठरलं आहे. घरगुती पेटी आली की ती न उघडता मला फोन करायचा. त्यानं लगेच ओळखलं की ही बाई अख्खी पेटी घेते, आणि भाव चढवला. तेही रास्तच, छाप वेगळे विकून त्याला जे सुटले असते ते मी त्याला द्यायलाच हवं. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला: कामठी रोडकडच्या एका जुन्या विडी कारखान्याच्या गादीवरचं सामान आलं आहे. जाऊन बघितलं. न वापरलेल्या लेबलांचे दोन पुडके, तळाशी शिवराजचं नाव. खतावणी तीन. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांची पत्रं तारेसकट, तार गंजून पत्रांना चिकटलेली. आणि एका पातळ वहीत विड्या वळणाऱ्या बायकांची नावं, रोज किती हजार वळल्या आणि किती ‘छाट’ म्हणून परत केल्या, नावापुढे अंगठे. मुंबईचा कुणी संग्राहक नुसत्या लेबलांचे इतके पैसे द्यायला तयार आहे की तेवढ्यात मला सगळं आलं असतं. "त्यायले वह्या नाही पाहिजे जी," दुकानदार म्हणाला, "तुम्ही वह्या घ्या, लेबलं त्यायले देतो. दोघायचंही काम होते." मी त्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे. धरमपेठेच्या काकांना फोन केला, ते थोडे पैसे घालतो म्हणाले, लेबलांची एकेक प्रत बघायला मिळाली तर पुरे. माझ्या एका मैत्रिणीनंही होकार दिला आहे. अजून थोडे कमी पडतात, दोन-तीन ओळखीच्यांना विचारायचं आहे. त्या पातळ वहीतले अंगठे आणि पुडक्यावरचा टोपीवाला मालक एकाच पेटीतून आले आहेत, ते एकाच कपाटात राहिले पाहिजेत, एवढं मी दुकानदाराला निघताना सांगून आले. तो म्हणाला, "सोमवारी या न जी, पण अकराच्या आत."